सात वेळा पुसलेली प्रत

कुलूपवाल्याने डिस्क बाहेर काढली, रुमालाने पुसली आणि पुन्हा यंत्रात सरकवली. पडद्यावर परत तीच ओळ उमटली, 'परवानगी तपासत आहोत'. परवानगी देणारी कंपनीच चार वर्षांपूर्वी बंद पडली होती, त्यामुळे ती ओळ पुढे सरकायचं नाव घेईना.

व्हिडिओ गेम जपणाऱ्या त्या संग्रहालयातल्या बाईंनी त्याला दारातच ओळखलं होतं. या गेमचं कुलूप, म्हणजे परवानगीशिवाय गेम चालू न देणारा प्रोग्राम, त्यानेच लिहिलेलं. बारा वर्षांपूर्वी कंपनीतर्फे येऊन, याच टेबलाशी उभं राहून त्याने इथली बिनकुलपाची प्रत पुसून घेतली होती. एकदा नाही, सात वेळा, पुन्हा कधीच मिळवता येऊ नये म्हणून. वर तक्रार करून बाईंच्या साहेबांना घरी बसवलं होतं. बाईंना हाताला धरून काम शिकवणारा तो माणूस पुढे वर्षभरात खंगून गेला.

आता हा खाली मान घालून सांगत होता. गेममधल्या छोट्या मुलीला त्याच्या लेकीने आवाज दिलाय, सहा वर्षांची असताना. लेक या उन्हाळ्यात गेली. तिचा लहानपणचा दुसरा आवाज घरात नाही. कामाच्या रगाड्यात टिपून ठेवायचं राहूनच गेलं.

"कुलूप तुमचंच ना? मग उघडा की," बाई म्हणाल्या.

"मलाही उघडता येऊ नये, असंच केलं होतं ते."

थोडा वेळ तो रुमालाच्या घड्या घालत बसला.

"ती प्रत चुकूनमाकून कुठे राहिली असेल का हो?"

"सात वेळा पुसली. तुम्हीच मोजत होतात."

त्याने मान हलवली, डिस्क खिशात घातली आणि बाईंचे आभार मानून तो निघाला. बाईंना बरं वाटलं. बरं वाटल्याची लाजही वाटली नाही.

दाराला कडी घालून त्यांनी सर्वांत खालचा खण उघडला. साहेबांनी नोकरी सोडून जाताना गुपचूप हवाली केलेली दुसरी प्रत तिथेच होती. त्यांनी ती यंत्राला जोडली. गेम लगेच सुरू झाला. पडद्यावरची मुलगी झाडामागे पळाली आणि खुदकन हसली.

"बाबा, मी इथेच आहे. शोध ना मला."

खिडकीतून तो अजून पायरीवर बसलेला दिसत होता. बाईंनी आवाज कमी केला.