गादी बदलून पाहिली

घरोघरी हेच चाललंय हो! माणूस म्हणतो, "मन लागत नाही," आणि आपण विचारतो, "काय आणू?"

आपली ही वहिनी तर गाद्यांच्या शोरूममध्येच कामाला. कंबर धरलीय? कडक गादी घ्या. पाठ अवघडते? मऊ घ्या. पंधरा वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगून तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की झोप उडाली म्हणजे दोष गादीचा. त्यामुळे नवरा जेव्हा म्हणाला, "अगं, झोपच लागत नाही. जरा बसतेस? बोलायचंय," तेव्हा बाईसाहेब बसल्या नाहीत. शोरूममधली सगळ्यात भारी गादी घेऊन आल्या. मग जाड पडदे आले. मग एसी. तरी नवरा आपला वाळतच चाललेला. शेवटी ती वैतागली, "अहो, एवढं सगळं केलं! आणखी काय हवंय तुम्हाला?"

"काही नको," तो म्हणाला.

मग त्याने बोलणंच टाकलं, पुढे जेवणही. दीड वर्षाने त्याला मनोरुग्णांच्या वॉर्डात दाखल करावं लागलं.

तिथेही हिचं पहिलं वाक्य काय? "सिस्टर, ही गादी फारच पातळ आहे हो. मी आमच्याकडची पाठवते."

सिस्टर वयाने मोठ्या होत्या. "बाई, याच गादीवर काल ते सहा तास झोपले. औषध दिलंय, ते आहेच. पण त्याआधी डॉक्टर तासभर त्यांचं ऐकत बसले होते. तुम्ही कधी बसला होतात?"

वहिनीच्या मनात आलं, तासभर! आपण दहा मिनिटंही दिली नाहीत!

तिने स्टूल ओढलं. "अहो, काय बोलायचं होतं तुम्हाला?"

भिंतीकडे पाहतच तो म्हणाला, "कारखान्यातून चार जणांना काढलं. नावं मी दिली. त्याचीच बढती मिळाली मला. नको होती गं. पण तू नवं घर सजवायला निघाली होतीस, तुझा हिरमोड करवेना."

"मग सांगितलं का नाहीत?" हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि तिथेच ओक्साबोक्शी रडली.

"आता तरी हलकं वाटतंय का?"

"नाही," तो म्हणाला. "पण तू बस."

मंडळी, वस्तू आणायला कोण नको म्हणतंय? खुशाल आणा. पण घरातलं माणूस बोलायचंय म्हणालं, की हातातलं काम टाकून आधी त्याच्यापाशी बसा. वहिनी आता रोज बसते. पण तिचा तो पूर्वीचा हसरा नवरा परत मिळेल की नाही, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत.