कॉपी केल्यावर ताई काय करते

धाकट्या भावाने लिहिलेली कॉम्प्युटरची स्क्रिप्ट त्याच्या घरी बिनबोभाट चालायची आणि ताईच्या कारखान्यात रोज आडवी पडायची. फोनवरून सल्ले देऊन देऊन त्याचा घसा बसला, पण फरक शून्य.

कारखाना बुटांचा. साधे बूट नव्हेत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचा तळवा वाकडा, अशांचे. चामडं कुठे कापायचं, शिलाई कुठून जाणार, टाच किती उचलायची, हे ताई कॉम्प्युटरवर आखून द्यायची. तिचा प्रोग्रॅम जुना. तो बनवणाऱ्या कंपनीने केव्हाच गाशा गुंडाळलेला. आता मालकांनी चामडं आपोआप कापणारं मशीन आणलं होतं आणि ते फक्त स्वतःच्या नव्या प्रोग्रॅमचं ऐकायचं. ताईच्या फायली त्या प्रोग्रॅममध्ये काही केल्या उघडेनात.

"सगळे पॅटर्न नव्यात आले पाहिजेत," मालक म्हणाले होते. "मग ताईंचं काय ते बघू."

धाकट्याने याचा अर्थ 'ताईची नोकरी पक्की' असा घेतला. तो तसा हुशार आहे, पण कॉम्प्युटरच्या बाहेर त्याला जरा कमीच दिसतं.

त्याची युक्ती मात्र फक्कड होती. जुन्या प्रोग्रॅममधून काही कॉपी केलं की क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या फळीवर, दोन गोष्टी जातात. एक साधं चित्र, कुणालाही घेता येईल असं. दुसरं त्या प्रोग्रॅमचं खासगी गाठोडं, त्यात प्रत्येक बिंदू, प्रत्येक शिलाई, प्रत्येक माप. नवा प्रोग्रॅम बिचारा चित्र तेवढं घ्यायचा आणि चित्रावरून बूट होत नाही. धाकट्याची स्क्रिप्ट ते गाठोडं नावाने मागून घ्यायची, सोडायची, नव्या प्रोग्रॅमला कळेल असं बांधून पुन्हा क्लिपबोर्डवर ठेवायची. मग नुसतं पेस्ट करायचं. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला जेमतेम पानभर मजकूर, पण त्यावर त्याने सगळ्या सुट्ट्या घालवल्या होत्या.

ताईकडे मात्र रोज एकच रड. गाठोडं सापडलं नाही.

"कॉपी केलंस?"

"केलं की."

"आणि मग स्क्रिप्ट चालवलीस?"

"तू सांगितलंस तश्शीच."

"मग येत कसं नाही गं?"

"मला विचारतोस? लिहिलंय कुणी?"

शेवटी रजा टाकून तो कारखान्यात जाऊन थडकला. कापायच्या टेबलाच्या जागी नवं मशीन होतं, भिंतीवर बूट बेतायची लाकडी पावलं ओळीने लावलेली, सगळीकडे गोंदाचा वास. बाकावर एक बाई कुबडी टेकून बसल्या होत्या. त्यांच्या उंच टाचेच्या बुटाचं वरचं चामडं पार उसवलं होतं. ताईने त्यांचाच पॅटर्न उघडला.

"कर," धाकटा तिच्या मागे उभा राहून म्हणाला. "मी नुसता बघतो."

ताईने पॅटर्न कॉपी केला. मग माऊस वर नेऊन तिने जुना प्रोग्रॅम सरळ बंद केला.

"अगं!" धाकट्याने कपाळावर हात मारला. "बंद कशाला केलास? कॉपी केलं म्हणजे त्याने माल दिला असं नसतं. तो नुसतं नाव लावून ठेवतो. माल कुणी मागितला की मग देतो. तूच त्याला मिटवलंस तर स्क्रिप्ट मागणार कुणाकडे? चित्र तेवढं मागे राहतं!"

आपण कोडं सोडवलं या आनंदात तो हसत होता. ताई हसली नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"पहिल्याच दिवशी चाललं होतं रे तुझं. जुना प्रोग्रॅम उघडा राहिला होता चुकून. सगळं आलं, एक टाका इकडचा तिकडे नाही. मीच पुसून टाकलं." तिने आवाज खाली आणला. "हाताने कापणारे मामा होते ना, ते मशीन आलं आणि घरी गेले. त्यांनाही 'बघू' म्हणाले होते मालक. माझे सगळे पॅटर्न तिकडे गेले की मी कशाला हवी?"

एवढे दिवस धाकटा ताईला वाचवतोय अशा थाटात फोन करत होता. त्याला स्वतःचा राग आला, आणि तिचाही थोडा.

"मग मी मालकांना सांगतो, जमत नाही म्हणून," तो पुटपुटला. "मी जातो घरी."

ताईने बाकाकडे पाहिलं. "त्या दोनदा येऊन गेल्यात. नव्यात पुन्हा आखत बसले तर आठवडा जाईल. तोवर काय घरच्या उंबऱ्यात बसून राहतील?"

तिने जुना प्रोग्रॅम पुन्हा उघडला, पॅटर्न कॉपी केला आणि या वेळी माऊस सोडून दिला.

"चालव," ती म्हणाली.

आपलं काम फसावं असं धाकट्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. पण स्क्रिप्ट चांगली होती. नव्या पडद्यावर बाईंचा पॅटर्न अख्खा उमटला. ताईने तो मोठा करून शिलाईची प्रत्येक रेघ तपासली आणि मशीनकडे पाठवला. पातं सुरू झालं.

आवाज ऐकून मालक केबिनमधून बाहेर आले. पडद्याकडे पाहिलं, चामड्याकडे पाहिलं आणि खूश झाले.

"वा! आलं की! आता बाकीचे पण आणून टाका." त्यांनी धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. "ताई, तुम्ही उठा. भावाला बसू द्या तिथे, त्याचं भराभर होईल."

ताई उठली. धाकटा बराच वेळ बसला नाही. मग बसला.