शुभाच्या हातातली दोन मतं

सुलेखामावशी आणि दिनकरकाका म्युनिकला पोचायच्या आदल्या दिवशी आईचा पुण्याहून फोन आला.

"मुक्ता, त्यांच्यासमोर टॅक्सचा विषय काढू नकोस. हृषिकेशलाही बजावून ठेव. आणि कर्जाचाही नको."

"कोणाचं कर्ज?"

"सरकारचं गं. घरातल्या कर्जावरून ते कधी भांडलेले नाहीत. सरकारच्या कर्जावरून तुझ्या लग्नात भांडले होते, पंक्तीत."

"मग बोलायचं काय?"

"हवा आहे, तब्येत आहे. तनयाची शाळा आहे."

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. लग्न झाल्या झाल्या अठ्ठ्याहत्तर साली ती काकांबरोबर इंग्लंडला, लेस्टरला गेली. काकांचं तिथे औषधांचं दुकान होतं, मावशी प्राथमिक शाळेत शिकवायची. दुकानदार म्हणून काका हुजूर पक्षाचे झाले आणि शिक्षिका म्हणून मावशी मजूर पक्षाची झाली. एकाच घराच्या खिडकीत दोन पक्षांची पत्रकं लावणारं हे त्यांच्या गल्लीतलं एकमेव जोडपं असावं.

दोन हजार सतराच्या जूनमधल्या एका मंगळवारी संध्याकाळी ते आले. हृषिकेशने चाळीस मिनिटं कळ काढली. मग काकांनीच वरण-भात कालवता कालवता विचारलं, "काय हो, इथे पगारातून कापतात किती?"

हृषिकेश, माझा नवरा, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. एरवी तो फारसा बोलत नाही, पण या प्रश्नाची तो जर्मनीत आल्यापासून अकरा वर्षं वाट बघत होता. तो उठला आणि पगाराची स्लिपच घेऊन आला. मी टेबलाखालून पाय मारला, तो खुर्चीला लागला.

"हे बघा, ही सोली. पूर्व जर्मनीला वर काढायला एक्याण्णव साली आणलेला कर. एका वर्षापुरता. मधे थोडा थांबला, पुन्हा आला, तो अजून आहे."

काका खूश झाले. "बघ सुलेखा. कुठलाही कर पाहुणा म्हणून येतो आणि घरजावई होऊन बसतो."

"घरजावई कामाचा असला तर बसू दे की," मावशी म्हणाली. "भाजी वाढू?"

"पण यांचं सरकार कर्ज तरी काढत नाही," काका म्हणाले. " तीन वर्षं झाली, नवीन कर्ज शून्य. अंथरूण पाहून पाय पसरतात हे लोक."

"आणि अंथरूणच आखूड असलं तर? पाय कापायचे?"

"लांब सतरंजी घ्यायला शेजाऱ्याकडे हात नाही पसरायचा."

मला आईचा सल्ला आठवला. मी घाईघाईने म्हटलं, "तनया, तुझ्या शाळेबद्दल सांग ना आजीला."

आमची लेक तनया आठ वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. तिने सांगितलं की वर्गातली एक खिडकी ख्रिसमसपासून बंदच होत नाही, म्हणून तिच्याजवळच्या बाकावरची मुलं थंडीत कोट घालून बसायची. शिक्षिका म्हणाली, दुरुस्तीला पैसे नाहीत.

मी त्याचं भाषांतर केलं आणि करतानाच कळलं की करायला नको होतं.

"ऐकलंत?" मावशी म्हणाली. "कर्ज शून्य, खिडकी उघडी."

काकांनी आमटी ओरपली आणि तो विषय तिथेच सोडला. मला नवल वाटलं. मी विचारलं, "परवा तर तुमच्याकडे निवडणूक ना? आणि तुम्ही इथे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मावशीने सांगितलं की तिकिटं फेब्रुवारीत काढली होती आणि निवडणूक अचानक एप्रिलमध्ये जाहीर झाली. तिकिटं रद्द करायची की मत सोडायचं, यावर आठवडाभर वाद झाला. शेवटी काकांनी तोड काढली. अडतीस वर्षं एक मत इकडे, एक मत तिकडे. दोघांची मिळून वजाबाकी शून्यच. मग यंदा दोघांनीही देऊ नये. टपालाने नाही, कोणाकरवीही नाही. शब्द दिला-घेतला आणि बॅगा भरल्या.

"फार शांत वाटतंय," काका म्हणाले.

"हो ना," मावशी म्हणाली.

गुरुवारी हृषिकेश ऑफिसला गेला. शाळांना सुट्टी होती, मीही रजा घेतली होती. आम्ही चौघं एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, स्टार्नबर्गच्या तलावावर गेलो. ऊन छान होतं. काठावरच्या बाकावर मी दशम्या आणि लसणाची चटणी काढली. तनयाने आपल्यापुरता एक ब्रेत्सेल, गाठ मारलेला खारा पाव, घेतला होता, त्यावरचं मीठ ती बदकांना टाकत होती आणि बदकं नाराज होऊन परत जात होती.

काकांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर.

"दिनकरकाका, मी शुभा." शुभा म्हणजे लेस्टरमधली त्यांची शेजारीण, मूळची साताऱ्याची. "मतदान केंद्राकडे निघालेय. एकच विचारायचं होतं."

काकांनी स्पीकर बंद करायला बोट पुढे केलं. पण ते चटणीचं बोट होतं, फोनने त्याची दखल घेतली नाही.

"तुम्ही मला तुमच्या वतीने मत द्यायला सांगितलंत ना, ते काकूंना कळू द्यायचं नव्हतं, बरोबर? तसंच काकूंनीही मला सांगितलं होतं, त्यांचं तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून. मी कोणालाच काही बोलले नाही. पण मतदानाची दोन कार्डं आहेत आणि कोणाचा कुठला पक्ष, यात माझा जरा घोटाळा होतोय. म्हटलं, विचारून घ्यावं."

तलावावरून एक बोट गेली. मी दशमी तोंडातच धरून बसले.

"काकू शेजारी नाहीत ना?" शुभाने विचारलं.

"आहे," मावशी म्हणाली.

शुभा हळूच म्हणाली, "आता कळलंच आहे तर एक सांगू का? मी एक मत इकडे देते, एक तिकडे. कोणाचं कुठे गेलं तरी बेरीज तीच. नाही का?"

"अजिबात नाही," काका म्हणाले.

"अजिबात नाही," मावशीही म्हणाली, त्याच दमात.

"अहो, पण मतपत्रिकेवर नाव कुठे असतं?"

"नसू दे," मावशी म्हणाली. "माझ्या मताने यांचा माणूस निवडून आला तर मी तोंड कुठे दाखवू?"

"आमच्या भागात माझा माणूस निवडून येतच नाही गं," काका तिला म्हणाले. "कित्येक वर्षांत आलेला नाही."

"तेच म्हणतेय मी. मग मला फसवून मत कशाला द्यायचं होतं?"

"येत नाही म्हणूनच. मी एक कमी झालो तर उरतं कोण? आणि तू कशाला दिलंस? तुझा तर आरामात येतो."

मावशी म्हणाली, "शाळेतल्या मदतनीस बायका काढून टाकल्या ना, त्यांच्यातली एक मला बाजारात भेटली. म्हणाली, मिस, आठवणीने मत द्या. तिला काय सांगू, की नवऱ्याशी वजाबाकी ठरलीय?"

"हॅलो?" शुभा म्हणाली. "मी रस्त्यात उभी आहे."

मग दोघांनी मिळून तिला नीट समजावलं. काका म्हणाले, माझं निळं. मावशी म्हणाली, माझं लाल. काकांनी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, आधी स्वतःचं आणि मग मावशीचंही. "काकूंचं चुकवू नकोस हां. लाल," असं ते निक्षून सांगत होते, तेव्हा मावशी त्यांच्याकडे बघत होती. फोन ठेवल्यावर तिने पर्समधून ओला रुमाल काढला आणि त्यांच्या बोटावरची चटणी पुसली.

"लबाड," ती म्हणाली.

"दोघंही," काका म्हणाले.

तनयाने मला जर्मनमध्ये विचारलं, कोण जिंकलं? मी म्हटलं, अजून ठरायचंय.

मग मावशी माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही दोघं? इथे कोणाला देता मत?"

"आम्हाला नाही गं देता येत. पासपोर्ट भारताचा आहे."

"मग तिथे?"

"लग्नानंतर एकदाही नाही. त्यासाठी जायला हवं ना."

"इंग्लंडात आम्हाला भारतीय पासपोर्टवरही देता यायचं," काका म्हणाले. "पोचल्याच्या पुढच्याच वर्षी दिलं. म्हणजे बघा, तुझा नवरा कर भरतो, स्लिप दाखवतो, पण ज्याला शिव्या द्यायच्या त्याला पाडू शकत नाही."

ते हसत म्हणाले, पण परतताना गाडीत मला तेच डोक्यात राहिलं. अकरा वर्षं मी कर, भाडं आणि खिडक्या यांवर बोलत आले होते. आमच्या घरातला वाद कधी वजाबाकीपर्यंतही पोचला नव्हता, कारण वजा करायला आमच्याकडे काही नव्हतंच.

सकाळी निकाल कळला. काकांच्या पक्षाला सगळ्यात जास्त जागा आणि तरी बहुमत नाही. मावशीचा पक्ष हरला आणि तरी खुशीत. नाश्त्याला काकांनी मावशीचं अभिनंदन केलं, मावशीने काकांचं, आणि दोघांनीही ते टोमणा म्हणून घेतलं. पोहे संपेपर्यंत ते पुन्हा कर्जावर आले होते.

रविवारी त्यांना विमानतळावर सोडून आल्यावर मी जर्मन नागरिकत्वाचा अर्ज छापून टेबलावर ठेवला. हृषिकेशने तो चष्मा लावून वाचला.

"आल्झो," ऑफिसातल्या जर्मन सवयीने तो म्हणाला, "म्हणजे भारताचा पासपोर्ट सोडायचा?"

"हो."

"आणि समजा सोडला. तू मत कोणाला देशील?"

मी सांगितलं.

त्याने चष्मा काढला. "त्यांना? अगं, ते सोली अजून दहा वर्षं ठेवतील."

"ठेवू देत. तनयाच्या वर्गाची खिडकी बसेल."

"मुक्ता, खिडकीचा आणि सोलीचा काहीएक संबंध नाही."

"बस इथे," मी म्हटलं. "समजावून सांग."

तो बसला. तनया दारात आली, आमच्याकडे थोडा वेळ बघत उभी राहिली, आणि मग चक्क मराठीत म्हणाली, "मी लेस्टरच्या आजीला फोन करू?"