पाठमोरी मुलं

प्रमोदिनीने पाकीट स्टुडिओच्या काउंटरवर उलटं केलं आणि फोटो मोजले. अकरा. रोल छत्तीसचा होता.

"बाकीचे?"

"ते वेस्ट, अक्का," स्टुडिओवाला संताजी म्हणाला. तीन पिढ्या बंगळुरूच्या यशवंतपुरात काढलेल्या घरातला तो. मराठी बोलायचा, पण कानडीच्या चालीवर. "कुठं पाठ, कुठं नुसते पाय. लेकरांचं तोंडच नाही. प्रिंट घालून काय करायचं?"

"मी सगळे सांगितले होते."

"सरी, अक्का, घालतो सगळे. उद्या या."

अकराच्या अकरा तिच्या नवऱ्याने, पद्माकरने काढलेले होते. वाढदिवसाला शोकेससमोर उभी केलेली दोन मुलं, हजेरी लावल्यासारखी. तिने काढलेले पंचवीस तेवढे नेमके वगळले होते.

पद्माकर कारखान्यातून आला, चहा घेता घेता त्याने फोटो पाहिले आणि खूश झाला.

"हे साताऱ्याला पाठवू. आईला नातवंडांची तोंडं दिसायला नकोत? तू हल्ली सगळं पाठमोरंच काढतेस."

तिने कप उचलून मोरीत जरा जोरातच ठेवला. वर्षभर ती हेच शोधत होती. ओळीत उभी केलेली मुलं तिला नकोच होती. तिला हवा होता डब्याचं झाकण चाटणारा आशय, मोजे घालताना स्वतःशीच बडबडणारी शमिका. "इकडे बघू नकोस, तुझं चालू दे," असं ती दर वेळी बजावायची. या रोलमध्ये ते जमलंय, अशी तिची खात्री होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंचवीस फोटो तिने पलंगावर मांडले. पहिले चार-पाच तिने हौसेने पाहिले, मग तिचा हात थबकला. सगळीकडे शमिकाची मान तशीच डावीकडे वळलेली. पेन्सिल वहीवर टेकलेली, पण लिहीत नसलेली. मोजा टाचेपर्यंत चढलेला आणि तिथेच थांबलेला. चार वर्षांचा आशयही पाठमोराच, पण मान जराशी वळवून ताईकडे बघत, आपलं बरोबर आहे ना म्हणून.

शमिका शाळेतून आली. दप्तर खांद्यावर तसंच ठेवून पलंगावर वाकली.

"हा मस्त आलाय. ह्यात माझा हात अजिबात हलला नाही."

"हलला नाही म्हणजे?"

"तू कॅमेऱ्याचं कपाट उघडलंस की आम्हाला कळतं ना! मग मी आशयला सांगते, तिकडे बघ, हलू नकोस." तिने आईकडे पाहिलं. "तुला तसंच आवडतं ना?"

प्रमोदिनी फोटो गोळा करायला लागली. गठ्ठ्याच्या कडा काही केल्या जुळेनात. तिने तो पलंगावर आपटला.

"आणि त्याच्या आधी? आधी काय करत होतात तुम्ही?"

आवाज चढला होता. शमिका जराशी मागे सरली. मग तिने मोज्याचा फोटो उचलला, नीट पाहिला आणि एकदम हसली.

"आशयने हा मोजा नाकाला लावला होता, सोंडेसारखा! आणि तसाच घरभर फिरत होता. आम्ही इतके हसलो, आई!"

"मला कसं नाही दिसलं?"

"तू नव्हतीस," शमिका म्हणाली. "तू कॅमेरा आणायला गेली होतीस."