अस्तर लावलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. सध्या माळ्यावर असते. माझा निळा रंग पोपडे धरून उडतो आहे आणि एक बिजागरी तर केव्हाच गेली. पण माझ्या आत हात घालून पाहाल तर चकित व्हाल. मला अस्तर आहे, अगदी कोटाला असतं तसं, गुळगुळीत आणि करड्या रंगाचं.

मला एका शिंप्याने बनवून घेतलं. त्याची मुलगी कॉलेजसाठी दूरच्या शहरात निघाली होती. पत्रेवाल्याने माझे कोपरे ठोकून मला त्याच्या हवाली केलं, तर हा दुकानात बसून मलाच माप लावू लागला! पत्रेवाला हसला. "शिंपीदादा, पेटी आहे की नवरदेव?"

"पोरीचे कपडे जायचेत आत. पत्र्याला घासून विरतील," शिंपी म्हणाला आणि उरल्यासुरल्या कापडाचे तुकडे जोडत राहिला.

तेव्हा घरोघरी फोन नव्हते. दर शनिवारी मुलगी मळके कपडे माझ्यात भरून मला बसच्या ड्रायव्हरकडे देई. मंगळवारी मी परत तिच्याकडे जाई, धुतलेले, इस्त्री केलेले, उसवलेल्या जागी शिवलेले कपडे घेऊन. वर एक चिठ्ठी असे. माझ्या कुलपाच्या किल्ल्या दोन होत्या, एक घरी आणि एक तिच्या गळ्यात. मला केवढा अभिमान वाटायचा! ड्रायव्हर मला इतर सामानाखाली कधी दाबत नसे. "ही आपली नेहमीची पाशिंजर," असं म्हणून तो मला स्वतःच्या सीटमागे ठेवी.

दुसऱ्या वर्षी मुलगी एका विषयात नापास झाली. निकालाचा कागद तिने माझ्या अस्तराखाली सरकवला आणि पुन्हा काढून पुस्तकात लपवला. घरी लिहिलं, 'सगळं छान चाललंय.' एवढं एक खोटं लिहिल्यावर पुढे काय लिहावं तेच तिला सुचेना. चिठ्ठ्या आखूड झाल्या. मग एका शनिवारी तिने एका चांगल्या शर्टाचं बटण दातांनी तोडलं आणि तो शर्ट माझ्यात ठेवला. मंगळवारी बटण लागून आलं. सोबत बापाची चिठ्ठी: 'कॉलेजात शिकतेस की कुस्त्या खेळतेस?' ती वाचून मुलगी खूप हसली आणि मग पलंगावर पालथी पडून रडली. त्यानंतर ती दर आठवड्याला एक बटण तोडू लागली.

तिच्या बापाची बटण लावायची रीत वेगळी होती. चारही भोकांतून दोरा आडवा-उभा ओवून तो बटणाच्या खाली तीन वेढे देई, मग गाठ. मुलगी त्या वेढ्यांवरून बोट फिरवी आणि मगच शर्ट घाली.

त्याच वर्षी शिंप्याच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी फार दिवस सांगितले नाहीत. दुकान बंद झालं. सुई धरली की त्याच्या कपाळावर घाम येऊ लागला. एका सोमवारी मी पलंगाशेजारी उघडी पडले होते. त्याने सुईदोरा बायकोच्या हातात दिला.

"तीन वेढे दे. दोन नको, चार नको. पोरगी शिंप्याची आहे, लगेच ओळखेल."

"ओळखू दे की मग," ती म्हणाली.

 तो म्हणाला, "परीक्षा होऊ दे तिची. आत्ता कळवलं तर पुस्तकं टाकून धावत येईल. वर्ष वाया जाईल पोरीचं."

बाईने जुन्या कापडावर दिवसभर सराव केला. बोटांना सुई टोचली. संध्याकाळपर्यंत तिचा हात हुबेहूब नवऱ्यासारखा चालू लागला. मंगळवारी मुलीने नेहमीसारखं बोट फिरवलं आणि खोलीतल्या मैत्रिणीला म्हणाली, "बघ, याला म्हणतात हात!"

मित्रांनो, दोन्हीकडचं मी एकटीच जाणत होते. हिचं तिकडे सांगावं आणि तिकडचं हिला, असं फार वाटे. पण पत्र्याला तोंड नसतं. जे भरतील ते न्यायचं, एवढंच माझं काम.

शिंपी एका रविवारी सकाळी गेला. शेवटच्या रात्री त्याने मुलीला चार-पाच वेळा हाक मारली. बायको प्रत्येक वेळी "येतेय हं" म्हणाली. अंत्यविधी उरकल्यावर मुलीचा काका बाईसमोर बसला. "वहिनी, तिचे दोनच पेपर राहिलेत. दादाचीही तीच इच्छा होती. नंतर सांगू."

सोमवारी बाईने शर्टाला बटण लावलं. तीन वेढे दिले. चिठ्ठीवर फक्त 'नीट जेव' लिहिलं. मंगळवारी ड्रायव्हरने मला नेहमीसारखं सीटमागे ठेवलं. त्याला कळलं होतं. त्यालाही गप्प राहायला सांगितलं होतं.

शेवटचा पेपर देऊन मुलगी माझ्यासकट घरी आली. आईचं मोकळं कपाळ पाहून दारातच तिला सगळं समजलं. ती मला हातात धरूनच उभी राहिली. तिच्या हातून मला खाली ठेवायलाही कुणाला सुचलं नाही.

"एक दिवस तरी बोलवायचं होतंस, आई."

"तुझं वर्ष वाया गेलं असतं गं."

"एका विषयात मी आधीच नापास झाले होते. तो पेपर दुसऱ्यांदा देत होते मी. तिसऱ्यांदा दिला असता."

आईने तिच्या हातून मला घेऊन खाली ठेवलं. रागावली नाही. 

मित्रांनो, मला रंग द्या, तेल घाला, असं मी म्हणणार नाही. माझं वय झालं. पण उद्या तुम्ही शिकायला लांब जाल. घरून खाऊ येईल, कपडे येतील, 'सगळं ठीक' असा निरोप येईल. तेवढ्यावर विसंबू नका. पुन्हा विचारा. 'खरं सांगा' म्हणून विचारा. आणि मोठ्यांनो, मुलांच्या परीक्षेपायी घरातलं दुखणं त्यांच्यापासून झाकू नका. त्यांना रडू द्या, धावत येऊ द्या.

मुलांनो, तुम्ही नापास झालात तर घरी सांगा. बाबा रागावतील. रागावू द्या. ते रागवायला आहेत, तोवर सांगून टाका.