चावीला टॉवेल कशाला?

आक्काचा हात भाजला तेव्हापासून मी मॅनेजरला पाण्यात पाहते.

आम्ही सातजणी, आक्का होती तोवर आठजणी, हॉटेलच्या तळघरात चादरी धुतो. शेजारच्या खोलीत गॅसवर चालणारं इंजिन आहे. सगळ्या हॉटेलला वीज तेच देतं. त्याला थंड ठेवणारं पाणी कढत होऊन आमच्याकडे येतं, त्यावर आमचं धुण्याचं पाणी तापतं, आणि इंजिनाचं पाणी निवून परत त्याच्याकडे जातं. कढत पाणी आणणाऱ्या नळाची चावी सहा महिने गळतेय. फिरवली की कडेनं चटका देणारी धार उडते. नव्या चावीला मॅनेजरची सही लागते. आक्कानं तीनदा मागितली, तीनदा "बघू" ऐकलं. ती भाजली तेव्हा मात्र सही लगेच झाली, कामावरून काढल्याच्या कागदावर. कारण, 'स्वतःची बेफिकिरी'. वर आम्हाला टोमणा, "इंजिनाचं फुकटचं गरम पाणी वापरता आणि नखरे किती!"

तो कागद त्याच्याच घशात घालायचा, एवढंच मी ठरवलं.

आक्काचे यजमान, आमचे भावोजी, इंजिन सांभाळतात. जेवताना ते सहज बोलून गेले, "तुम्ही पाणी निववता म्हणून इंजिन चालतंय. पाणी निववायला जादाचा पंखा होता, तो साहेबानं काढला. जागा अडते म्हणे! आता तुम्ही उष्णता घेतली नाही, तर जळायच्या आधी ते आपोआप बंद पडेल."

माझा घास हातातच राहिला.

मालकीणबाई इंजिन बघायला आल्या त्या दुपारी मी जाड हातमोजे चढवले आणि चावी बंद केली. सातहीजणींनी चादरी गार पाण्यात टाकल्या. पलीकडे मॅनेजरची टकळी चालू होती, "बाहेरची वीज आपण घेतच नाही, बाई!" वीस मिनिटांत इंजिन गप्प झालं. सगळीकडे अंधार. मला इतका आनंद झाला, की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

भावोजींचा आवाज आला, "निवलेलं पाणी परत येतच नाहीये. धुलाईची चावी बंद दिसते."

मॅनेजर टॉर्च घेऊन धावत आला, मागून मालकीणबाई.

"उघडा ती आधी!"

"फुकटचं नको आम्हाला, साहेब. शिवाय आम्ही बेफिकीर. तुम्हीच उघडा."

तो तावातावानं पुढे झाला, चावीजवळ हात नेला आणि थबकला. मग दोरीवरचा टॉवेल ओढून त्यानं हाताला चांगला गुंडाळला, तोंड बाजूला वळवलं.

"चावीला टॉवेल कशाला?" मालकीणबाईंनी विचारलं.

मी आक्काचा कागद खिशातून काढून बाईंच्या हातात दिला.

"टॉर्च इकडे धरा, साहेब," मी म्हटलं. "बाईंना नीट वाचू दे."