मशीनवरचा परतावा

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये साडीवरचे ब्लाउज शिवून देणारी मी एकटीच, त्यामुळे दिवाळीच्या आधी बायका माझ्या डोक्यावर बसतात. गेल्या वर्षी माझ्या पाटल्या विकून मी भरतकामाचं मोठं मशीन घेतलं. त्याच मशीनपायी आज फ्राउ यान्सेन, टॅक्स ऑफिसच्या तपासनीस, माझ्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. शेजारी माझा नवरा, कपिल. सकाळच्या गाडीनं हॅम्बर्गहून आला होता.

गेल्या वर्षीच्या गणपतीपासून तो तिकडेच राहतो. बेलवर नाव मात्र अजून दोघांचं, कारण माझा व्हिसा त्याची बायको म्हणून आहे. तीन वर्षं इथे एकत्र संसार झाला, की मला स्वतःच्या नावावर राहता येईल. अजून चार महिने कमी होते. तेवढे दिवस कुणाला काही बोलायचं नाही, हे त्यानं कबूल केलं होतं. उपकारच म्हणायचे.

फ्राउ यान्सेननी चष्मा पुसला. “मशीन घेताना भरलेला टॅक्स आम्ही तुम्हाला परत दिला. वर्षाच्या हिशेबात मात्र तुम्ही तो टॅक्स धरून पूर्ण किमतीवर घसारा लावलात. म्हणजे एकाच पैशाचा फायदा दोनदा घेतलात.”

परत दिला? मला तर एक सेंट मिळाला नव्हता. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. खातं कपिलचं होतं. तारीख गणपतीच्या आधीच्या आठवड्यातली. त्याच आठवड्यात त्यानं हॅम्बर्गच्या खोलीची काउत्सिओन, म्हणजे घरमालकाची अनामत, भरली होती, आणि मित्राकडून उसने घेतले असं मला सांगितलं होतं. म्हणजे माझ्या पाटल्यांवर हा घर सोडून गेला. मला त्याच्या तोंडावर कात्री फेकावीशी वाटली.

टॅक्सचे महिन्याचे फॉर्म तो भरायचा. वर्षाचा हिशेब मी एकटीनं केला, समोर बिल ठेवून. टॅक्स गेला तो गेला असं समजून मी पूर्ण किंमत लिहिली होती.

“तुम्हाला माहीत नसेल तर ती चूक,” फ्राउ यान्सेन म्हणाल्या. “व्याजासकट पैसे भरा, विषय संपला. माहीत असूनही केलं असेल, तर प्रकरण दंडाच्या विभागाकडे जातं.” मग कपिलकडे पाहत त्यांनी मला विचारलं, “पण एका घरात राहून एवढी रक्कम आल्याचं यांनी तुम्हाला सांगितलं नाही?”

कपिल मान खाली घालून उठला. “मी कॉफी करतो.” त्यानं एक कपाट उघडलं, आत मसाल्याचे डबे. दुसरं उघडलं, ताटल्या. कप मी जानेवारीत हलवले होते. फ्राउ यान्सेन त्याच्याकडे बघत राहिल्या.

खरं बोलले तर पुढचा प्रश्न एकच होता, तुम्ही वेगळे कधीपासून राहता? ते व्हिसा ऑफिसला कळलं, की दुकान, मशीन, दिवाळीच्या ऑर्डरी, सगळं सोडून मला परत जावं लागणार. आणि तिथे माझं काहीच उरलं नव्हतं.

“मला माहीत होतं,” मी म्हणाले.

“नक्की? मी हे लिहून घेणार आहे.”

“घ्या लिहून. आम्ही सगळं एकमेकांना विचारूनच करतो.”

त्यांनी लिहिलं. मी सही केली.

त्या गेल्यावर कपिल तसाच कपाटापाशी उभा होता. “विभावरी, व्हाय डिड यू से दॅट? आल्झो, म्हणजे, मी सांगणारच होतो, की पैसे मी घेतले.”

त्याला बोलायला माझ्याकडे खूप होतं. पण अजून चार महिने होते, आणि पुन्हा कुणीतरी दार वाजवणार होतं.

“कप डावीकडे, खालच्या फळीवर आहेत,” मी म्हणाले. “पुढच्या वेळी शोधत बसू नकोस.”